खरं बोललं की नापास

शुक्रवारी संध्याकाळी कुणीही शहाणा माणूस रिव्ह्यू मागत नाही. पण मागच्या महिन्यात एका शुक्रवारी सव्वासहाला टीममधल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. "एक डॉक्युमेंट पाठवतेय. कामाचं नाही. वाचून सांग, कुठे अडखळायला होतं का."

दोन पानं होती. सगळे बुलेट पॉइंट. पहिला : 'वय ४-५. आईची ओढणी, बाहुल्या.' शेवटचा : 'सध्या. पूर्ण खात्री, शंका नाही.' आणि मध्ये तिचं सगळं आयुष्य, वर्षवार लावलेलं.

ती ट्रान्स आहे हे आम्हा चार-पाच जणांना दीड वर्षापासून माहीत आहे. (हा लेख आधी तिला दाखवलाय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आणि तिने 'टाक' म्हटल्यावरच टाकतोय.) जन्मापासून कागदोपत्री मुलगा, पण स्वतःला मुलगी म्हणूनच ओळखणारी. आता शरीरही त्याच्याशी जुळावं म्हणून तिला हॉर्मोन्स सुरू करायची होती, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागणार होतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे दुसरी खेप होती. बाईसाहेब त्या भेटीची तयारी करत होत्या. आपण इंटरव्ह्यूची करतो तशी.

मी सवयीने व्हर्जन हिस्टरी उघडली. (वाईट सवय आहे, मान्य.) आधीच्या व्हर्जनमध्ये दोन ओळी जास्त होत्या. एक : 'शाळेत क्रिकेट खूप आवडायचं. ऑफस्पिन टाकायचे.' दुसरी : 'गेल्या पावसाळ्यात दोन महिने झोप नाही. जगावंसं वाटायचं नाही.'

"या दोन का काढल्यास?"

"क्रिकेट वाचून त्यांना वाटेल, ही पुरेशी मुलगी नाही. आणि दुसरी वाचून म्हणतील, आधी हिचं डोकं ठिकाणावर येऊ दे, सहा महिन्यांनी बघू."

"अगं, पण ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत! ती दुसरी ओळ त्यांना नाही सांगायची तर कुणाला सांगायची?"

"तुला. तुझ्याकडे शिक्का नाहीये."

या एका वाक्याने माझे पुढचे तीन वीकेंड खाल्ले. कारण वाचायला बसलो तेव्हा कळलं की माझी मैत्रीण काही नवीन करत नव्हती. ही दोन पानं गेली साठ-पासष्ट वर्षं लिहिली जातायत. आधी तोंडी, मग कागदावर आणि आता गूगल डॉकवर.

आपल्याला हे अगदीच परकं आहे असंही नाही. आपल्यापैकी अर्ध्या जणांनी कधी ना कधी व्हिसाचा इंटरव्ह्यू दिलाय. आदल्या रात्री मित्र पढवतात : हे बोल, ते बोलू नकोस, मोठा भाऊ तिकडेच आहे हे विचारल्याशिवाय सांगू नकोस, आणि 'परत येणार का?' म्हटलं की डोळ्यात बघून 'हो'. काचेपलीकडचा माणूस वाईट नसतो. पण त्याच्यासमोर कुणीही मन मोकळं करत नाही. आता कल्पना करा, काचेपलीकडे बसलेला तोच माणूस तुमचा थेरपिस्टही आहे. तुमची झोप उडाली तर ते त्यालाच सांगायचंय.

*

अ‍ॅग्नेस

१९५८ चा ऑक्टोबर. लॉस एंजेलिसमधलं यूसीएलए विद्यापीठ. रॉबर्ट स्टोलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे १९ वर्षांची एक मुलगी पाठवण्यात आली. एका विमा कंपनीत टायपिस्ट होती. दिसायला, बोलायला, वागायला चारचौघींसारखी. तिची केस मात्र डॉक्टरांना चक्रावून टाकणारी होती. ती मुलगा म्हणून जन्मली, मुलगा म्हणून वाढली, आणि वयात येताना शरीर आपोआप बाईचं होत गेलं, असं तिचं म्हणणं. जननेंद्रियं पुरुषाची, बाकी सगळं बाईचं. तिला ऑपरेशन करून हवं होतं. कागदोपत्री तिचं नाव ठेवलं गेलं अ‍ॅग्नेस. खरं नाव आजही कुणी छापत नाही.

तिच्याशी बोलणाऱ्यांत स्टोलरबरोबर हॅरल्ड गार्फिंकेल हा समाजशास्त्रज्ञही होता. त्याने तिच्याशी झालेल्या गप्पांचे जवळजवळ ३५ तास टेप केले. तिच्या उत्तरांत तिचं लहानपण असं होतं की त्यात मुलगेपणाचा मागमूससुद्धा नाही. अडचणीचा प्रश्न आला की ती विषय बदलायची, 'आठवत नाही' म्हणायची. इतर ट्रान्स लोकांशी तुलना केलेली तिला अजिबात खपायची नाही. मी त्यांच्यातली नाही, माझं निसर्गानेच असं झालंय, एवढंच.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. शरीरातच कुठेतरी इस्ट्रोजेन तयार होत असणार असा निष्कर्ष काढला, आणि १९५९ च्या मार्चमध्ये ऑपरेशन झालं. स्टोलरने पुढे ही केस आपल्या सिद्धांताचा पुरावा म्हणून मांडली : आपण बाई की पुरुष ही जाणीव घडवणारी काहीतरी जैविक ताकद असते, बघा, या मुलीत ती शरीरापर्यंत पोचली.

आणि मग १९६६ मध्ये, आठ वर्षांनी, अ‍ॅग्नेस पुन्हा भेटायला आली असताना बोलता बोलता सहज म्हणून गेली की वयाच्या बाराव्या वर्षापासून ती आईच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत होती. आईला गर्भाशय काढल्यानंतर दिलेल्या. आधी आईच्या बाटलीतून चोरून, नंतर 'आईसाठी हव्यात' असं सांगून दुकानातून आणून.

म्हणजे शरीर 'आपोआप' काहीच झालेलं नव्हतं. बारा वर्षांच्या एका पोरीने एकटीने, कुणालाही न विचारता, स्वतःवर उपचार सुरू केले होते. आणि पुढे देशातल्या हुशार म्हणवणाऱ्या डॉक्टरांना महिनोन्‌महिने गुंगवून ठेवलं होतं.

इथे दोन प्रतिक्रिया होतात. एक म्हणजे मनातल्या मनात शिट्टी मारावीशी वाटते. दुसरी म्हणजे 'ही खोटं का बोलली?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९५८ मध्ये दडलंय. क्रिस्टीन जॉर्गनसन ही अमेरिकन ट्रान्स स्त्री १९५२ मध्ये जगभर पहिल्या पानावर झळकली, पण तिचे उपचार झाले होते डेन्मार्कमध्ये. अमेरिकेतले सर्जन बिचकून होते. निरोगी अवयव काढला तर जुन्या इंग्रजी कायद्यातून आलेल्या 'मेहेम'च्या, म्हणजे एखाद्याला पंगू केल्याच्या, कलमाखाली खटला होईल ही भीती होती. पण जन्मतःच शरीरात काही 'गडबड' असेल तर ती दुरुस्त करणं हे वैद्यकीय काम, त्याला कुणाची हरकत नव्हती. थोडक्यात, 'मी बाई आहे' म्हटलं तर दार बंद. 'माझ्या शरीरात निसर्गाने घोटाळा केलाय' म्हटलं तर दार उघडं. अ‍ॅग्नेसने उघडं दार निवडलं. तुम्ही-मी काय केलं असतं?

स्टोलरचं एका गोष्टीसाठी कौतुक करायला हवं. त्याने आपली चूक लपवली नाही, स्वतः छापून सांगितली. गार्फिंकेलने १९६७ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकाला तर त्यासाठी खास परिशिष्ट जोडलं. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालेलं होतं. ते फक्त डॉक्टरांच्या अब्रूचं नव्हे, ज्ञानाचं. इतके तास टेप करूनही त्या खोलीत एक खरी गोष्ट बोलली गेली नव्हती : बारा वर्षांच्या मुलीला चोरून गोळ्या घ्याव्याशा वाटतात, त्या वेळी तिच्या मनात काय चाललेलं असतं? हे विचारायला तिथे मानसोपचारतज्ज्ञ बसलेला होता, आणि नेमकं त्यालाच ते सांगता येत नव्हतं.

*

पेपर फुटला

१९६६ सालीच आणखी दोन गोष्टी झाल्या. न्यूयॉर्कमध्ये प्रॅक्टिस करणारे हॅरी बेंजामिन हे म्हातारे डॉक्टर ट्रान्स रुग्णांना सहानुभूतीने वागवण्यासाठी ओळखले जायचे. त्यांचं 'द ट्रान्ससेक्शुअल फिनॉमेनन' हे पुस्तक आलं. आणि नोव्हेंबरमध्ये जॉन्स हॉपकिन्सने आपलं जेंडर क्लिनिक जाहीर केलं. दार अधिकृतपणे उघडलं.

उघडलं म्हणजे किती? पहिल्या अडीच वर्षांत जवळजवळ २००० जणांनी विचारणा केली. ऑपरेशनं झाली २४. आयआयटीचा प्रवेश यापेक्षा सोपा म्हणायचा.

एवढी गर्दी आणि एवढं अरुंद दार, म्हणजे निकष आले. आणि ते निकष काय होते हे बघण्यासारखं आहे. लहानपणापासून सलग एकच भावना हवी. बाई व्हायचं असेल तर बाईसारखं 'शोभून' दिसलं पाहिजे. आवड पुरुषांचीच हवी. लग्न झालेलं असेल तर बहुतेक ठिकाणी आधी घटस्फोट. आणि नंतर कुठेतरी नव्या जागी जाऊन, जुनं सगळं पुसून, सर्वसामान्य गृहिणी किंवा ऑफिसात जाणारी बाई म्हणून गपचूप विरघळून जायचं.

आता आपल्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. टेस्ट केसेस आधीच कळल्या तर प्रोग्रॅम टेस्ट पास होण्यासाठी लिहिला जातो, चालण्यासाठी नाही. तेच झालं. बेंजामिन यांचं पुस्तक दुकानात विकत मिळत होतं. ज्यांना दारातून आत जायचं होतं त्यांनी ते वाचलं, एकमेकांना दिलं, पाठ केलं. 'खरा' रुग्ण कसा असतो ते त्यात होतंच! मग क्लिनिकमध्ये येणारा प्रत्येक माणूस अगदी पुस्तकातला निघू लागला. डॉक्टर खूश : बघा, आमचे निकष किती अचूक आहेत. पेपर फुटल्यावर वर्गातल्या सगळ्यांना शंभर पडले, आणि मास्तर म्हणतायत, काय हुशार बॅच आहे!

हे लक्षात यायला डॉक्टरांना काही वर्षं लागली. स्टॅनफर्डमध्ये १९६८ पासून असाच कार्यक्रम चालू होता. तिथल्या नॉर्मन फिस्क या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात मोकळेपणाने लिहिलं की रुग्णांच्या कहाण्या जरा जास्तच एकसारख्या आहेत, पाठ केल्यासारख्या. 'जेंडर डिस्फोरिया' हा शब्द ज्या व्यापक अर्थाने आज वापरतात, तो त्याने १९७३ मध्ये वापरात आणला. पुस्तकातल्या साच्यात न बसणाऱ्यांनाही त्रास खरा असू शकतो, हे सामावून घ्यायला.

याचं सगळ्यात धारदार विश्लेषण मात्र डॉक्टरने केलेलं नाही. सॅंडी स्टोन या ट्रान्स स्त्रीने केलंय. या बाई मुळात साउंड इंजिनियर. त्यांच्या १९९१ मध्ये छापलेल्या निबंधाचं नाव आहे 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (होय, स्टार वॉर्सवरूनच). त्या म्हणतात, परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच पुस्तकातून तयारी करत होते. आणि यात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं, तर ज्यांना आपलं खरं, गुंतागुंतीचं, विसंगतींनी भरलेलं आयुष्य उघड उघड जगताच आलं नाही, त्यांचं.

हॉपकिन्सचं पुढे काय झालं? १९७९ मध्ये तिथल्या जॉन मेयर आणि डॉना रीटर यांनी एक अभ्यास छापला : ऑपरेशनने रुग्णांच्या आयुष्यात मोजता येण्यासारखा फायदा दिसत नाही. त्यानंतर क्लिनिक बंद झालं ते थेट २०१७ मध्ये उघडलं. पण 'मोजलं' कसं ते बघा. नोकरीचा दर्जा वाढला, गुण अधिक. अटक झाली, वजा. 'चुकीच्या' लिंगाच्या जोडीदाराबरोबर राहिलात, वजा. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात, तरी वजा.

हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. आधी मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्राशिवाय दार उघडत नाही, आणि नंतर मदतीसाठी पुन्हा त्याच्याकडे गेलात तर तुमचे गुण कापले जातात. माझ्या मैत्रिणीने ती पावसाळ्याची ओळ का काढली, ते मला आत्ता कुठे नीट कळत होतं.

*

लू

अ‍ॅग्नेस खोटं बोलली आणि तिला हवं ते मिळालं. आता दुसऱ्या बाजूची गोष्ट.

लू सलिव्हन. १९५१ चा जन्म, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराजवळचा. जन्मतः मुलगी म्हणून नोंद. लहानपणापासून डायरी लिहायची सवय, आणि ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही. (त्या डायऱ्यांतली निवडक पानं २०१९ मध्ये पुस्तकरूपाने आली.) १९७५ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. तो पुरुष आहे हे त्याला स्पष्ट होतं. आणि त्याला पुरुषच आवडतात, हेही तितकंच स्पष्ट.

आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. आपण कोण आहोत हा एक प्रश्न, कोण आवडतं हा दुसरा. दोन वेगळे कॉलम. पण तेव्हाच्या क्लिनिकांच्या टेबलात तो एकच कॉलम होता. 'पुरुष आवडतात ना? मग बाईच राहा की! त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?' गे ट्रान्स पुरुष ही गोष्टच त्यांच्या हिशेबात नव्हती. नल व्हॅल्यू.

लूने स्टॅनफर्डला अर्ज केला. आणि खरं ते लिहिलं.

नकार आला. तुमचा इतिहास आमच्याकडे यशस्वी ठरलेल्या लोकांसारखा नाही, अशा अर्थाचं उत्तर. तर्क बघा. आम्ही फक्त एका प्रकारच्या लोकांना आत घेतो. म्हणून आमचे यशस्वी लोक एकाच प्रकारचे आहेत. तुम्ही त्या प्रकारचे नाही. म्हणून तुम्हाला घेत नाही. असं सर्क्युलर लॉजिक आमच्याकडच्या एखाद्या फ्रेशरने लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं.

लूला क्लिनिकांच्या बाहेरून, खाजगी डॉक्टर गाठत जावं लागलं. १९७९ मध्ये हॉर्मोन्स, १९८० मध्ये छातीचं ऑपरेशन, १९८६ मध्ये खालचं. त्याच वर्षी त्याने ट्रान्स पुरुषांचा एक गट सुरू केला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला एड्स झाल्याचं निदान झालं. तेव्हा एड्सवर सांगण्यासारखा उपचार नव्हता. त्याने नकार देणाऱ्या क्लिनिकला ते कळवलं. त्यातला टोमणा असा होता की, मला गे पुरुष म्हणून जगता येणार नाही असं तुम्ही म्हणालात, पण मरणार मात्र मी गे पुरुष म्हणूनच.

उरलेली चार-पाच वर्षं त्याने पत्रं लिहिण्यात घालवली. डॉक्टरांना, संस्थांना, तज्ज्ञांना. माझ्यासारखे लोक आहेत, तुमच्या निकषात बसत नाहीत म्हणून नसल्यासारखे करू नका. आणि १९८८ ते १९९० या काळात आयरा पॉली या मानसोपचारतज्ज्ञाने लूच्या मुलाखती व्हिडिओवर घेतल्या. त्या आज इंटरनेटवर बघायला मिळतात. जरूर बघा. एक सडपातळ माणूस खुर्चीत बसून शांतपणे, मध्येच हसत, आपलं आयुष्य सांगतोय. शंका सांगतोय, मधल्या काळातले हेलकावे सांगतोय, शरीराबद्दल सांगतोय, मरणाबद्दलही.

मला त्या व्हिडिओत काय दिसलं सांगू? अ‍ॅग्नेससमोर जसा मानसोपचारतज्ज्ञ होता तसाच इथेही आहे. तेच रेकॉर्डिंग, तसेच प्रश्न. फरक एवढाच की लूला आता या माणसाकडून काहीही नको आहे. ऑपरेशनं झालीत, आयुष्य संपत आलंय. शिक्का खोलीतून बाहेर गेलाय, म्हणून खरं बोलणं आत आलंय.

२ मार्च १९९१ ला लू गेला, वयाच्या ३९ व्या वर्षी. १९९४ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची चौथी आवृत्ती आली. तिच्यात कोण आवडतं हा निदानाबरोबर करायच्या नोंदीचा भाग झाला : पुरुष, स्त्रिया, दोन्ही, कुणीच नाही. सगळी उत्तरं चालतील अशी. दोन कॉलम वेगळे झाले एकदाचे.

*

डॉक्टरांची बाजू

इथवर वाचून वाटेल की सगळे डॉक्टर म्हणजे खलनायक. तसं नाही, आणि तसं लिहिणं सोपं म्हणून लिहिणार नाही.

हे उपचार परत न फिरवता येणारे असतात, निदान काही अंशी. १९६०-७० च्या दशकात हातात पुरेसा अनुभव नव्हता, सहकारी टिंगल करत होते, खटल्याची धास्ती होती. कुणी वर्षभराने येऊन 'तुम्ही मला अडवलं का नाही?' विचारलं तर? १९७९ मध्ये हॅरी बेंजामिन यांच्याच नावाच्या संस्थेने पहिली नियमावली केली : हॉर्मोन्सआधी थेरपिस्टची किमान तीन महिन्यांची ओळख, मोठ्या ऑपरेशनआधी वर्षभर त्या भूमिकेत जगून दाखवणं, आणि पत्रं. ती नियमावली छळण्यासाठी नव्हती. आधी प्रत्येक डॉक्टर मनाला येईल तसं करायचा, पैसे उकळणारेही होते. त्यापेक्षा काहीतरी लिखित असणं बरंच होतं.

चूक होती ती एकाच जागी. मदत करणं आणि मंजुरी देणं ही दोन कामं एकाच माणसाला दिली गेली. सिस्टिम डिझाइनमध्ये आपण याला वेगळ्या नावाने ओळखतो आणि टाळतो. ऑडिट करणारा आणि सपोर्ट देणारा एकच असला की बग रिपोर्ट होणंच बंद होतं. बग मात्र जात नाहीत.

हे सुधारायला सुरुवात झाली ती एका साध्या सरकारी दवाखान्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम वॉडेल क्लिनिकमध्ये, गरीब-बेघर लोकांसाठीच्या दवाखान्यात, १९९३ पासून मंगळवारी संध्याकाळी ट्रान्स रुग्णांसाठी वेगळी वेळ ठेवली गेली. पद्धत सोपी : औषध काय करतं, काय करत नाही, काय परत फिरणार नाही, हे नीट समजावून सांगा, समोरच्या सज्ञान माणसाला ते कळलंय ना याची खात्री करा, आणि निर्णय त्याचा. समुपदेशक हवा तर आहे, परवानगीसाठी नाही. याला पुढे 'माहितीपूर्ण संमती'ची पद्धत म्हणू लागले. आपण अपेंडिक्स काढताना सही करतो तीच, थोडी अधिक सविस्तर.

आंतरराष्ट्रीय नियमावलीही हळूहळू तिकडे सरकली. २०११ च्या सातव्या आवृत्तीत थेरपी ही सक्तीची पायरी राहिली नाही. २०२२ च्या आठव्या आवृत्तीत सज्ञान व्यक्तीच्या ऑपरेशनसाठीही दोनऐवजी एकच पत्र पुरेसं मानलं गेलं. आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढला गेला.

म्हणजे प्रश्न सुटला? छे. अमेरिकेत तर काटा उलटा फिरतोय. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा, अल्पवयीनांवरच्या अशा उपचारांना बंदी घालणारा, कायदा कायम ठेवला. मुलांचा प्रश्न मोठ्यांच्या प्रश्नापेक्षा वेगळा आणि अवघड आहे, हे खरंच. पण दार जितकं अरुंद होतं तितकं खोलीतलं खरं बोलणं कमी होतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

*

आपल्याकडे

आपल्याकडे हिजडा परंपरा शतकानुशतकं आहे, आणि तिथे 'दार' गुरूच्या हातात होतं, डॉक्टरच्या नाही. तो वेगळा आणि मोठा विषय, पुन्हा कधीतरी. कायद्याच्या बाजूने मोठं वळण आलं १५ एप्रिल २०१४ ला. 'नालसा' खटल्याचा निकाल. आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्यात पक्षकार होत्या. आपलं लिंग कोणतं हे माणसाने स्वतः ठरवायचं, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करता येणार नाही, आणि शरीरापेक्षा मनाचा कौल मानायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

पण मला त्याहून आवडलेली गोष्ट २०२१ मधली आहे. मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे एका समलिंगी जोडप्याची केस आली. निकाल लिहिण्याआधी त्यांनी जाहीरपणे सांगितलं की मला हा विषय पुरेसा कळत नाही. आणि ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञांसमोर शिकायला बसले. शिक्का हातात असलेला माणूस खुर्ची बदलून समोर बसला! त्या निकालात त्यांनी 'बरं करण्याच्या' नावाखाली चालणारे उपचार थांबवायला सांगितले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं.

आता पुन्हा त्या दोन पानांकडे.

मी मैत्रिणीला अ‍ॅग्नेस आणि लू, दोघांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे खोटं बोलली ती जिंकली आणि खरं बोलला तो हरला. थँक्स, फारच धीर आला." मी गप्प बसलो. तिचं बरोबरच होतं. 'खरं बोल' असा उपदेश करायला माझं काय जातंय? रांगेत मी उभा नाही.

पण नंतर तिने स्वतःच एक मार्ग काढला. ज्यांच्याकडून पत्र हवं होतं त्यांच्याशिवाय एक वेगळी समुपदेशक शोधली, जी पत्रं देतच नाही. पहिल्याच भेटीत विचारून घेतलं म्हणे, "तुमच्या फाइलमधलं कुणाला जातं?" "कुणालाच नाही." पावसाळ्याची ओळ तिने तिथे सांगितली. एकदा नाही, चार-पाच तास सांगितली. झोप हळूहळू परत येतेय. आमच्या भाषेत हा वर्कअराउंड झाला, फिक्स नाही. दोघांची फी भरायची ऐपत आहे म्हणून जमला. ज्याची नाही, त्याने काय करायचं?

मानसोपचारतज्ज्ञांकडची भेटही झाली. जायच्या आदल्या रात्री डॉक्युमेंटमध्ये एक बदल झाल्याचं नोटिफिकेशन मला आलं. उघडून बघितलं. पावसाळ्याची ओळ नव्हती. पण वय १० ते १४ च्या खाली एक ओळ परत आली होती.

'क्रिकेट खूप आवडायचं. ऑफस्पिन टाकायचे.'

मी अप्रूव्ह केलं.